गरोदरपणातील लसी: नोंदींपासून निर्णयापर्यंत, टप्प्याटप्प्याने

"गरोदरपणात लसी घ्याव्यात की नाही?" हा बहुतेक घरांत एकच प्रश्न म्हणून विचारला जातो आणि चुकीची सुरुवात तिथेच होते. प्रत्यक्षात हे चार-पाच निरनिराळे प्रश्न आहेत. एका लसीबाबत उत्तर जवळजवळ ठरलेले असते, काही लसी गरोदरपणात द्यायच्याच नसतात आणि उरलेल्या दोन-तीन लसींबाबत खरोखर बसून विचार करावा लागतो. शिवाय यातल्या महत्त्वाच्या प्रश्नांना आठवड्यांची मुदत असते. ती उलटली की ठरवण्यासारखे फारसे काही उरत नाही, त्यामुळे दर तपासणीला "पुढच्या वेळी बघू" म्हणत राहणे हा नकळत दिलेला नकारच ठरतो.

माझ्या धाकट्या बहिणीच्या पहिल्या बाळंतपणात मी हे जवळून पाहिले. आठव्या महिन्यात ती माहेरी आली, तेव्हा तिच्या फाइलमध्ये तीन ठिकाणी "इंजे. दिले" एवढेच लिहिलेले होते. लसीचे नाव नव्हते, कितवा डोस ते नव्हते, एका ठिकाणी तर तारीखही नव्हती. इकडच्या डॉक्टरबाईंनी ती पाने दोनदा पाहिली आणि विचारले, "यातले धनुर्वाताचे कोणते आणि लोहाचे कोणते?" बहिणीला सांगता येईना. तिकडच्या नोंदवहीतून खात्री करून घेण्यात नऊ दिवस गेले आणि तोवर छत्तिसावा आठवडा संपत आला होता. खालचे टप्पे म्हणूनच याच क्रमाने पार पाडावेत. पहिले दोन टप्पे सोडून थेट निर्णयाकडे गेल्यास अशीच अडचण होते.

## टप्पा १: जुन्या नोंदी गोळा करणे

पहिल्या तपासणीला जाण्यापूर्वी, किंवा ती झालेली असल्यास पुढच्या तपासणीच्या आधी, पुढील कागद एका पिशवीत जमवावेत: लहानपणीचे लसीकरण कार्ड मिळाल्यास ते, आधीच्या बाळंतपणाचे माता-बाल संरक्षण कार्ड, गेल्या काही वर्षांत जखमेवर घेतलेल्या धनुर्वाताच्या इंजेक्शनाची चिठ्ठी, हिपॅटायटिस बी किंवा रुबेलाची लस अथवा तपासणी झाली असल्यास त्याचा कागद, आणि कोणत्याही औषधाची किंवा लसीची ॲलर्जी आल्याची नोंद.

यांत सर्वांत उपयोगी कागद आधीच्या बाळंतपणाचा असतो. गेल्या तीन वर्षांच्या आत झालेल्या गरोदरपणात धनुर्वाताच्या लसीचे दोन डोस पूर्ण झाले असतील, तर या वेळी सरकारी वेळापत्रकानुसार एकच बूस्टर डोस पुरतो. मात्र हे तोंडी सांगून भागत नाही. कागद नसेल तर सिस्टर पुन्हा पहिल्यापासून दोन डोस देतात, आणि नोंद नसताना तेच योग्य आहे.

तपासा: प्रत्येक जुन्या नोंदीत लसीचे नाव, तारीख आणि कितवा डोस या तीनही गोष्टी आहेत का? जिथे फक्त "इंजेक्शन" असे लिहिले असेल, तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह करून ठेवावे. गरोदरपणात लोहाची इंजेक्शने, आरएच निगेटिव्ह मातेला साधारण २८व्या आठवड्यात दिले जाणारे अँटी-डी, मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता असल्यास बाळाच्या फुफ्फुसांसाठी दिली जाणारी इंजेक्शने अशी बरीच इंजेक्शने होतात. यांपैकी एकही लस नाही. "माझी सगळी इंजेक्शने झाली" असे सांगणाऱ्या अनेकींची लस राहिलेली असते ती या गोंधळामुळे.

## टप्पा २: महिने सोडून आठवडे मोजणे

घरात गणना महिन्यांत चालते. "सातवा लागला" म्हणजे सहा महिने पूर्ण झाले की सात, यावर एकाच घरातल्या दोन बायकांचे एकमत नसते. लसींचे वेळापत्रक मात्र आठवड्यांत असते आणि ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले जाते. पाळी अनियमित असल्यास किंवा सुरुवातीच्या सोनोग्राफीने तारीख बदलली असल्यास डॉक्टरांनी दिलेली सुधारित अपेक्षित तारीखच धरावी.

सोपा मार्ग असा की, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मागे मोजावे. त्या तारखेच्या १३ आठवडे आधी २७ आठवडे पूर्ण होतात आणि ४ आठवडे आधी ३६ पूर्ण होतात. उदाहरणार्थ, अपेक्षित तारीख ८ ऑक्टोबर असेल, तर २७ आठवडे ९ जुलैला आणि ३६ आठवडे १० सप्टेंबरला पूर्ण होतील. या दोन तारखा कार्डाच्या पहिल्या पानावर ठळक लिहाव्यात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवरही त्यांना गोल करावा. डांग्या खोकल्यापासून बाळाचे संरक्षण करणारी लस या दोन तारखांच्या दरम्यान घ्यायची असते, आणि नेमक्या याच काळात आपल्याकडे डोहाळजेवण होऊन मुलगी माहेरी जाते.

## टप्पा ३: गरोदरपणात न घ्यायच्या लसी बाजूला काढणे

जिवंत पण क्षीण केलेल्या जंतूंपासून बनवलेल्या लसी गरोदरपणात देत नाहीत. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, बीसीजी आणि नाकात फवारली जाणारी इन्फ्लुएन्झाची लस या त्यांत येतात. रुबेला किंवा कांजिण्यांविरुद्ध प्रतिकारशक्ती नसल्याचे तपासणीत आढळले, तर त्याची नोंद "प्रसूतीनंतर घ्यायची" अशी करून ठेवावी. अंगावर पाजत असतानाही या दोन लसी घेता येतात.

गर्भधारणेचा विचार अजून सुरू असलेल्यांनी गोवर-रुबेलाची लस आधी घ्यावी आणि त्यानंतर निदान एक महिना गर्भधारणा टाळावी.

इशारा: दिवस गेल्याचे कळण्यापूर्वी चुकून रुबेलाची लस घेतली गेली, एवढ्या कारणावरून गर्भपात करू नये. डॉक्टरांना लगेच सांगावे. ही लस टाळली जाते ती सैद्धांतिक धोका लक्षात घेऊन. अशा मातांच्या बाळांत त्या लसीमुळे जन्मजात रुबेलाचे व्यंग आल्याचे आढळलेले नाही. भीतीपोटी घाईने घेतलेल्या या निर्णयाने हवेहवेसे मूल गमावले जाऊ नये, म्हणून हे इतक्या स्पष्टपणे लिहीत आहे.

## टप्पा ४: उरलेल्या प्रत्येक लसीचा स्वतंत्र विचार

प्रत्येक लसीसाठी वहीत तीन ओळी लिहाव्यात: आजार झाला तर आईला किंवा बाळाला काय होऊ शकते, लसीने काय त्रास होऊ शकतो, आणि ही लस नंतर घेतली तर तोच फायदा मिळतो का. तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, पण निर्णय बहुतेक वेळा त्यावरच ठरतो.

धनुर्वात-घटसर्प. गावात आणि दवाखान्यातही याला अजून "टीटी" म्हणतात, पण आता सरकारी कार्यक्रमात टीटीच्या जागी टीडी ही लस आली असून तिच्यात घटसर्पाचाही अंश असतो. पहिला डोस गरोदरपण कळताच, दुसरा त्यानंतर चार आठवड्यांनी. उशीर झाला, अगदी ३६ आठवडे उलटून गेले, तरीही ती देतात. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, अंगणवाडीतील लसीकरणाच्या दिवशी आणि सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते. या लसीबाबत द्विधा मनःस्थिती असण्याचे कारण मला दिसत नाही. नवजात बाळाचा धनुर्वात नाळेच्या जखमेतून होतो आणि तो बहुधा प्राणघातक ठरतो. माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे भारताबाबत २०१५ मध्ये जाहीर झाले, पण धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि तिथेच राहणार आहेत. हा आजार माणसाकडून माणसाला होत नसल्याने इतरांच्या लसीकरणाने आपल्या बाळाचे रक्षण होत नाही.

डांग्या खोकला. खरा विचार इथे करावा लागतो, कारण ही लस आपल्या सरकारी मोफत वेळापत्रकात नाही आणि विकत घ्यावी लागते. टीडॅप या नावाच्या लसीत धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला असे तीन घटक असतात. बाळाला त्याची स्वतःची डांग्या खोकल्याची पहिली लस सहाव्या आठवड्यात मिळते, पुढचे डोस दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. म्हणजे जन्मापासूनचे पहिले दोन-तीन महिने बाळाला पुरेसे संरक्षण नसते, आणि हा आजार सर्वांत घातक असतो तो याच वयात. इतक्या लहान बाळाला खोकल्याची उबळ येईलच असे नाही. कधी कधी त्याचा श्वास मध्येच थांबतो आणि ते निळे पडते. आईने २७ ते ३६ आठवड्यांत लस घेतली, तर साधारण दोन आठवड्यांत तिच्या रक्तात प्रतिपिंडे (जंतूंशी लढणारी द्रव्ये) तयार होऊन ती वारेतून बाळाकडे जातात. ब्रिटनने २०१२ मध्ये गरोदर स्त्रियांना ही लस देणे सुरू केले आणि तिथल्या अभ्यासात तीन महिन्यांखालील बाळांचे या आजारापासून सुमारे ९० टक्के संरक्षण झाल्याचे दिसले.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे स्पष्ट "नाही" असे येते. प्रसूतीनंतर घेतलेली लस आईला आजारापासून वाचवते, परंतु वारेतून प्रतिपिंडे देण्याची वेळ निघून गेलेली असते. दुसरी चूक अशी की, आधीच्या गरोदरपणात घेतली म्हणून या वेळी टाळली जाते. प्रतिपिंडे काळानुसार घटतात, म्हणून ती प्रत्येक गरोदरपणात नव्याने घ्यावी लागते.

टीडॅप घ्यायचे ठरत असेल, तर ते टीडीचा दुसरा डोस देण्याच्या आधीच डॉक्टरांना सांगावे, कारण फॉग्सी या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशीनुसार टीडीच्या दुसऱ्या डोसाऐवजी टीडॅप देता येते. टीडीचे दोन्ही डोस आधीच झाले असले तरी टीडॅप घेता येते. दंड थोडा अधिक दुखू शकतो, इतकेच.

तपासा: औषधाच्या दुकानातून लस आणावी लागली तर खोक्यावर "टीडॅप" आहे ना, हे पाहावे. लहान मुलांची डीपीटी वेगळी असते. तिच्यातील घटसर्प आणि डांग्या खोकल्याच्या घटकांचे प्रमाण जास्त असते आणि ती मोठ्यांसाठी नसते.

इन्फ्लुएन्झा. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत गरोदर स्त्रियांना गंभीर आजार होण्याचे प्रमाण अधिक असल्याचे दिसून आले. गरोदरपणात फुफ्फुसांवर आणि हृदयावर आधीच भार असतो, त्यात हा ताप धोक्याचा ठरतो. टोचून देण्याची, मृत विषाणूंपासून केलेली लस जागतिक आरोग्य संघटनेच्या मते कोणत्याही महिन्यात चालते. फॉग्सी साधारण २६व्या आठवड्यानंतर आणि साथ असल्यास त्याआधीही घेण्यास सुचवते. महाराष्ट्रात या आजाराचा जोर पावसाळ्यात वाढतो, म्हणून जूनच्या तोंडावर दिवस गेलेल्या स्त्रीने हा विषय पहिल्याच तपासणीत काढावा. लसीतील विषाणूंचे प्रकार दर वर्षी बदलतात. खोक्यावरचे वर्ष आणि मुदत वाचूनच ती घ्यावी. टीडॅपबरोबर एकाच दिवशी दुसऱ्या दंडात ती देता येते.

हिपॅटायटिस बी. इथे आधी तपासणी, मग लस. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या रक्ततपासणीत हा आजार नाही असे आढळले आणि संसर्गाचा धोका असेल, तर लस घेता येते. तपासणीत आजार आढळला, तर सर्वांत महत्त्वाची गोष्ट आईच्या लसीची नसून बाळाची आहे: जन्मल्यावर २४ तासांच्या आत बाळाला लस आणि त्यासोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन), तेही शक्यतो पहिल्या १२ तासांत. ते आयत्या वेळी मिळत नाही, म्हणून प्रसूतीच्या ठिकाणी आधी विचारून ठेवावे.

कोविडच्या लसीला गरोदर स्त्रियांसाठी भारतात २ जुलै २०२१ रोजी परवानगी मिळाली. आज ती घ्यावी का, हे इतर आजार पाहून डॉक्टरांबरोबर ठरवावे.

## टप्पा ५: डॉक्टरांशी आणि घरच्यांशी बोलणे

विसाव्या आठवड्याच्या आसपासची तपासणी यासाठी योग्य असते, कारण हातात पुरेसा वेळ असतो. प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. ओपीडीत शंभर जणी असताना "लसींचं काय?" असा मोघम प्रश्न केल्यास मोघमच उत्तर मिळते. त्याऐवजी असे विचारावे: "टीडीचा दुसरा डोस घ्यायचा की त्याऐवजी टीडॅप? माझे २७ आठवडे अमुक तारखेला पूर्ण होतात. लस इथेच मिळेल का, किंमत किती, आणि मी माहेरी जाणार असल्याने कुठे घ्यावी?"

काही गोष्टी न विचारताही सांगाव्यात: पूर्वी एखाद्या लसीनंतर धाप लागली, चेहरा सुजला किंवा अंगभर गांध्या उठल्या होत्या का, लसीनंतर काही आठवड्यांत हातपाय लुळे पडण्याचा आजार झाला होता का, अंड्याची ॲलर्जी आहे का. अंड्याच्या ॲलर्जीमुळे फ्लूची लस टाळलीच जाते असे नाही, पण डॉक्टरांना ते माहीत हवे. तीव्र ताप असेल तर लस काही दिवस पुढे ढकलतात. साध्या सर्दीसाठी ढकलण्याची गरज नसते.

घरात "आमच्या वेळी एवढी इंजेक्शनं नव्हती" असे सासूबाई म्हणाल्या, तर त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी त्यांना एकदा तपासणीला सोबत न्यावे. त्यांची काळजी खरी असते, आणि डॉक्टरांच्या समोर बसून त्यांनी स्वतः प्रश्न विचारला की उत्तर घरी जाऊन पुन्हा समजावावे लागत नाही. बाळाला पहिले महिने मांडीवर घेणाऱ्या त्याच असतात. त्यांना खोकला असेल तर त्यावर उपचार होणे हाही बाळाच्या संरक्षणाचा भाग आहे.

सारे ऐकून एखादी लस नको असे ठरले, तर तेही कारणासह वहीत लिहावे आणि पुढच्या तपासणीला एकदा पुन्हा पाहावे. डांग्या खोकल्याची लस नाकारली असेल, तर खोकणाऱ्या माणसांना बाळापासून दूर ठेवणे आणि बाळाची सहाव्या आठवड्याची लस एकही दिवस न लांबवणे या दोन गोष्टी अधिकच काटेकोरपणे पाळाव्या लागतात.

## टप्पा ६: लसीचा दिवस

लस दंडात देतात, म्हणून सैल बाहीचे कपडे घालावेत. उपाशीपोटी जाऊ नये. विकत आणलेली लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे, पण थेट बर्फावर ठेवल्याने ती गोठली तर निकामी होते. घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवलेली लस दुसऱ्या दिवशी घेऊन येणाऱ्या मंडळींना सिस्टर परत पाठवतात ते यामुळेच. शक्य असेल तर ज्या दवाखान्यात लस साठवलेली असते, तिथेच घ्यावी. सरकारी पुरवठ्यातील कुपीवर एक गोल आणि आत एक चौकोन छापलेला असतो; चौकोन भोवतालच्या गोलापेक्षा फिका असायला हवा.

तपासा, उठण्यापूर्वी: कार्डावर लसीचे पूर्ण नाव, तारीख, कितवा डोस आणि बॅच क्रमांक लिहून घेतला का? तिथल्या तिथे मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढावा. यानंतर अर्धा तास तिथेच बसावे.

## टप्पा ७: पुढचे दोन दिवस

दंड दुखणे, थोडी सूज, बारीक ताप, अंग मोडून येणे हे एक-दोन दिवस होऊ शकते. टोचलेली जागा चोळू नये, तिथे हळदीचा लेप किंवा गरम शेक देऊ नये. ताप आल्यास डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल घेता येते. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मात्र परस्पर घेऊ नये. ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला आणि उतरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. श्वास लागणे, ओठ-चेहरा सुजणे, अंगावर एकदम गांध्या येणे यांपैकी काहीही झाल्यास ताबडतोब रुग्णालयात जावे.

इशारा: बाळाची हालचाल कमी वाटणे, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, सतत पोट दुखणे, दृष्टी अंधुक होणे ही लक्षणे "लसीमुळे असेल" म्हणून घरी काढू नयेत. ती लसीची नेहमीची लक्षणे नाहीत आणि अशा वेळी थांबून चालत नाही.

## टप्पा ८: माहेरी जाण्यापूर्वी नोंद सोबत देणे

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त लसी हुकतात त्या याच टप्प्यावर. इकडच्यांना वाटते तिकडे देतील, तिकडच्यांना वाटते इकडे झाली असेल. निघण्याच्या आधीच्या तपासणीला डॉक्टरांकडून एका कागदावर तीन ओळी लिहून घ्याव्यात: झालेल्या लसी तारखांसह, राहिलेल्या लसी, आणि राहिलेल्यांची शेवटची तारीख. टीडॅपचा काळ सुरू झालेला असेल, तर ती घेऊनच निघावे. माहेरी पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात आशाताईंकडे किंवा तिथल्या दवाखान्यात नाव नोंदवावे. सरकारी केंद्रांत यू-विन या लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदप्रणालीवर नोंद झाली असेल, तर नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकावरून ती दुसऱ्या गावीही पाहता येते. त्यासाठी तो मोबाइल सोबत हवा, नवऱ्याच्या खिशात नको.

परदेशात प्रसूती होणार असेल तर वेळापत्रक तिथलेच पाळावे. ब्रिटनमध्ये डांग्या खोकल्याची लस १६व्या आठवड्यापासून देतात आणि आरएसव्ही या श्वसनविषाणूची २८व्या आठवड्यापासून. अमेरिकेत आरएसव्हीची लस ३२ ते ३६ आठवड्यांत आणि सर्वसाधारणपणे सप्टेंबर ते जानेवारी या काळात देतात. लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्या-नागपूरहून जाणाऱ्या आईवडिलांनी टीडॅपबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि घ्यायची ठरल्यास बाळाला भेटण्याच्या निदान दोन आठवडे आधी घ्यावी.

## वेळापत्रकात न बसणारी एक वेळ: कुत्रा चावल्यास

जखम १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रेबीजची लस गरोदरपणात देतात, आणि जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही देतात. "पोटात बाळ आहे" म्हणून ती लस लांबवणे जिवावर बेतते, कारण लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर इलाज नाही. पुढच्या डोसांच्या तारखा सोडू नयेत आणि त्याच भेटीत धनुर्वाताचा डोस लागू आहे का, हेही विचारावे.

## प्रसूतीनंतर लगेच

रुग्णालयातून निघण्यापूर्वी बाळाला बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी मिळाल्याची नोंद पाहावी, आणि टप्पा ३ मध्ये "प्रसूतीनंतर" म्हणून लिहिलेली रुबेलाची लस मागून घ्यावी. मग कॅलेंडरवर जन्मतारखेपासून बरोबर सहा आठवड्यांनी येणाऱ्या दिवसाला गोल करावा. बाळाची डांग्या खोकल्याची पहिली लस त्या दिवशी आहे.